उपस्थात्याचा अनुराग आणि रुग्णालयाची कार्यक्षमता

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील खुड्डाकचतुष्पाद अध्यायात भिषक्, द्रव्य, उपस्थाता व रोगी असे चिकित्सेचे चार पाद वर्णिले आहेत. त्यातील कुंभाराचा दृष्टान्त आपणा वैद्यांस विशेष प्रिय! माती, दंड व चक्र असूनही कुंभाराविना घट होत नाही, हे आपण आवडीने सांगतो. चक्रच फिरले नाही तर कुंभार काय करणार, हे मात्र क्वचितच विचारतो.

उपस्थात्याचे गुणही चार : उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच. उपचारज्ञता शिकविता येते, दाक्ष्य सरावाने वाढते, शौच नियमाने राखता येते. अनुराग हजेरीपटावर उमटत नाही. आधुनिक व्यवस्थापनशास्त्रात याच्या जवळची संकल्पना विल्यम कान यांनी १९९० मध्ये मांडली. माणूस कामात मनाने उपस्थित आहे की केवळ देहाने, हा तिचा गाभा.

पंचकर्म विभागात हा भेद लगेच जाणवतो. स्नेहपानाच्या चौथ्या-पाचव्या दिवशी ‘आता तूप पाहवत नाही’ असे रुग्ण वैद्याला नव्हे, परिचारकाला सांगतो. हा स्नेहोद्वेग सम्यक् स्निग्धतेचे लक्षण होय. मन लावून काम करणारा परिचारक तो तत्काळ कळवितो. दुसरा मात्रेची नोंद करून पुढील खोलीत जातो. मग स्नेहपान विनाकारण लांबते, अग्निमांद्य होते आणि दोष औषधाला दिला जातो.

सुश्रुतांनी परिचारक ‘अश्रान्त’ असावा असेही म्हटले आहे. आमच्या मते ही अट परिचारकापेक्षा पाळ्या लावणाऱ्यालाच अधिक लागू आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी केलेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रकर्माच्या रुग्णांत दाखल झाल्यापासून तीस दिवसांतील मृत्यूची संभाव्यता सुमारे ७ टक्क्यांनी अधिक आढळली. थकलेल्या माणसाकडून अनुरागाची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

औषधालयातही हेच. अनुपान व औषधकाल रुग्णाला शेवटी समजावितो तो काउंटरवरील सहायक.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. सकाळच्या फेरीपूर्वी दहा मिनिटे सर्वांनी एकत्र बसावे व प्रथम परिचारकाने बोलावे, वैद्याने नंतर. वैद्य आधी बोलले की परिचारक केवळ मान डोलावतो. तसेच रुग्णास त्रास होत असल्यास कर्म तेथेच थांबवून वैद्यास बोलाविण्याचा अधिकार त्याला लेखी द्यावा; त्यासाठी वापरलेला वेळ वा वाया गेलेले तेल त्याच्याकडून वसूल करू नये.