गाव उठून गेलं तर?

सकाळी 6
चहाला आधण येईपर्यंत पाहुणे अंघोळ उरकून पायरीवर बसलेले. दक्षिण सुदानातले आरोग्य पर्यवेक्षक, जामखेडला आरोळ्यांच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात शिकायला आलेत. दिवसभर त्यांच्यासोबत दुभाषी म्हणून हिंडायचं, हे माझं काम. ‘‘इथं लढाई कधी झाली होती?’’ पहिला प्रश्न. म्हटलं, झाली की, याच तालुक्यात खर्ड्याला, मराठे आणि निजाम, 1795 साली. ते मनापासून हसले. त्यांची लढाई 2013 च्या डिसेंबरातली, देश स्वतंत्र होऊन जेमतेम अडीच वर्षं झालेली. तह झाला 2018 ला. मधल्या काळात दवाखाने लुटले गेले, नर्स-डॉक्टर पांगले.

9
वर्ग. प्रकल्पाचा इतिहास मला पाठ आहे, तरी एक जागा सांगताना अजून मजा येते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 ला इथं आले आणि जनावरांच्या जुन्या दवाखान्यात बसू लागले. पुढं 72 चा दुष्काळ. लोकांना गोळ्या नको होत्या, पाणी आणि धान्य हवं होतं. मग हातपंप आले आणि ते मुद्दाम दलित वस्तीत बसवले. तहान लागली की सोवळं किती टिकतं? गावानं तिथंच घागरी लावल्या.

शिकलेल्या नर्स गावात ठेवून पाहिल्या, त्या रुजल्या नाहीत. तेव्हा गावातल्याच, बहुतेक निरक्षर, बायका निवडून त्यांना शिकवलं. 1971 ला इथं हजार जन्मांमागे 176 बाळं वर्ष पुरं करत नव्हती. नव्वदच्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला. पाहुणे आकडा लगेच उतरवून घेतात, हातपंप मात्र वहीत येत नाही. दर तुकडीला हेच बघते.

11
आरोग्यसेविकांची बैठक. सतरंजीवर गोल. पाहुण्यांनी त्यांच्याकडची योजना सांगितली: बोमा म्हणजे सगळ्यात लहान प्रशासकीय विभाग, तिथलीच माणसं निवडून आरोग्याचं काम शिकवायचं. मग कालपासून घोळत असलेला प्रश्न विचारला. सेविका तयार केली आणि गावच उठून पळालं तर?

मला वाटलं, याला इथं उत्तर नाही. पण एक मावशी पदर खोचत म्हणाल्या, ‘‘सांग गं त्यांला, आमचं गाव दरसाल उठतंय. दिवाळी झाली की कोयते निघाले.’’

ऊसतोड समजावण्यात माझा अर्धा तास गेला. मुकादमाची उचल, नवराबायको मिळून एक कोयता, कारखान्याच्या फडाजवळची कोपी, पाचसहा महिने. मावशींचं पुढं चालूच. ‘‘ट्रॅक्टर यायच्या आदल्या रात्री मी टोळीत जाते. पोरांची लसीची कार्डं पिशवीत घालून पेटीत तळाशी ठेवायला लावते. कुणाला दिवस गेलेत, ते बघते. आन् टोळीतली एक बाई धरते. तिला हगवणीचं पाणी येतं का, ते करून दाखवायला लावते. एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. नुस्तं सांगून भागत न्हाई, करून दाखवलं की सोडते.’’

पाहुण्यांनी विचारलं, औषधाची पेटी देता का? मावशी म्हणाल्या, ‘‘पेटी कुठंतरी ऱ्हाती, दादा. बाई सोबत जाती.’’

1
भाकरी, पिठलं, ठेचा. ठेचा त्यांनी दोनदा मागितला.

2.30
मावशींच्या गावात. सात महिन्यांचं लेकरू, खोकला. मावशींनी अंगडं वर केलं, नजर पोटावर, हातात मोबाइलचं घड्याळ, ओठ हलताहेत. लेकरू रडलं तसं थांबल्या, आईला पाजायला सांगितलं, ते निवल्यावर पहिल्यापासून मोजलं. मिनिटाला 44 श्वास. पन्नासला पोचलं असतं तर लगोलग जामखेड. ‘‘सांजच्याला परत येते,’’ म्हणून उठल्या.

मग कुपोषण बघायची दंडाची पट्टी निघाली तशी पाहुण्यांनी हात पुढं केला. 11.5 सेंटिमीटरच्या खाली लाल, ही पट्टी त्यांनी छावण्यांमधून हजारो दंडांना लावलीय. इथं पिवळ्यात आलं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. माझी गरज पडली नाही.

5
परतीच्या गाडीत बोलणं पैशावर आलं. तिकडं मानधन परदेशी देणगीतून. देणगी आटली की माणूस घरी. इथल्या जुन्या बायकांनी शेळ्या, बांगड्या, किरकोळ धंदा यावर घर चालवत हे काम केलं. माझ्या मते ही गोष्ट कौतुकाची असली तरी दुसऱ्यांना द्यायचा सल्ला नव्हे. आपल्या सरकारनं 2005 नंतर आशा नेमल्या, आणि त्यांनाही मोबदल्यासाठी मोर्चे काढावे लागतातच.

शिवाय जामखेडला पन्नासहून जास्त वर्षं एकाच जागी, विनाबंदूक काम करता आलं. शस्त्र घेतलेला माणूस पंपापाशी उभा राहिला तर काय करायचं, ते इथं कुणी शिकवू शकणार नाही. हे मी त्यांना सांगितलं. ‘‘ते आम्हाला माहीत आहे,’’ ते म्हणाले, ‘‘इथं आम्ही पेटीशिवाय चालणारं काम बघायला आलोय.’’

8
जेवणानंतर त्यांनी आराखडा दाखवला. पहिल्या पानावरची दवाखान्याची इमारत खोडून तिसऱ्या पानावर गेलीय. पहिल्यावर आता छावणीतल्या बायका: गावी परतायची वाट न बघता तिथंच निवडायच्या, तिथंच शिकवायच्या. उद्या सकाळी नोंदवह्यांचं व्याख्यान आहे. त्याऐवजी मावशींसोबत दोन तास मिळतील का, म्हणून विचारत होते. वेळापत्रक लावणाऱ्या सरांना आताच फोन करते, मावशींची पहिली एसटी चुकायला नको.