भांड्यावरची खूण आणि कथिलाची पारख

जुन्नर-आंबेगाव भागातल्या जुन्या घरांतील पितळी परात किंवा तांब्याची कळशी निरखून पाहिली, तर तिच्यावर बऱ्याचदा ठिपक्यांनी कोरलेले नाव दिसते. ते बहुधा मालकाचे किंवा आहेर देणाऱ्याचे असते, घडवणाऱ्याचे नसते. युरोपातील प्यूटरच्या जुन्या पेल्यांवर मात्र कारागिराची खूण आढळते. असे का?

प्यूटर हे मुख्यतः कथिलाचे संमिश्र. कथील महाग, शिसे स्वस्त. त्यामुळे भेसळीचा मोह होई. म्हणून इंग्लंडमध्ये १५०३-०४ च्या कायद्याने प्यूटरवर कारागिराची खूण सक्तीची झाली. लंडनचा कारागीर-संघ या खुणांचे ठसे पत्र्यांवर जपून ठेवी. भेसळ सापडली की दोषी कोण, ते कळे.

पण भेसळ ओळखायची कशी? एकाच साच्यात शुद्ध कथिलाची आणि संशयित धातूची गोळी ओतून दोन्ही तोलत. कथिलाची घनता ७.३, शिशाची ११.३. दुसरी गोळी जड भरली की शिसे असल्याचे उघड होई.

कारागिरांचे संघ आपल्याकडेही होते. जुन्नरच्या लेण्यांतील सातवाहनकालीन शिलालेखात कासारांच्या श्रेणीकडे धर्मादाय ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. त्यांचे कासे म्हणजे तांबे व कथील यांचे संमिश्र. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर कथील समुद्रमार्गे येत असे, असे ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथावरून कळते.

आज आपला कथिलाशी संबंध येतो तो कल्हईमुळे. कल्हईच्या कथिलात शिसे मिसळलेले असेल, तर ताक, चिंचेची आमटी अशा आंबट पदार्थांत ते उतरते. शिशाचे कोणतेही प्रमाण मुलांना सुरक्षित मानता येत नाही.

लंडनची पारख शाळेत करता येईल. कल्हईच्या कथिलाचा ७३ ग्रॅमचा तुकडा घ्या आणि मोजपात्रातील पाण्यात बुडवा. शुद्ध कथील असल्यास पाणी १० मिलिलिटर चढेल. वजनाने निम्मे शिसे असल्यास सुमारे ८.२ मिलिलिटरच चढेल. तुकडा हाताळल्यावर हात धुवावेत. मात्र शेकडा ५ शिसे असेल, तर फरक जेमतेम ०.२ मिलिलिटर पडतो. शाळेच्या मोजपात्रावर तो वाचता येत नाही. तेव्हा या प्रयोगाने ढोबळ भेसळ पकडता येते. शुद्धतेची हमी देता येत नाही. ही मर्यादा विद्यार्थ्यांनी स्वतः गणित करून शोधावी. प्रयोगाइतकेच ते शिकणेही महत्त्वाचे आहे, असे आम्हाला वाटते.