सिकलसेल : गर्भनिदान काय सांगते आणि काय सांगत नाही

मेंडेलचे वाटाणे शिकवून झाले, की ३:१ हे गुणोत्तर मुलांना पाठ होते आणि परीक्षा संपली की ते विसरलेही जाते. शहादा, तळोदा, धडगाव, अक्कलकुवा या भागांतील शिक्षकांना मात्र त्यासाठी वाटाण्यांकडे जावे लागत नाही. पुण्याचे डॉ. सुदाम काटे १९७० च्या दशकापासून महाराष्ट्रातील आदिवासी समाजांत रक्ततपासणी करत आले. त्यांच्या पाहण्यांत भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही समाजांत सिकलसेलच्या वाहकांचे प्रमाण शेकडा २० ते ३५ इतके आढळले. अशा समाजांतील चाळीस मुलांच्या वर्गात आठ-दहा मुले हे जनुक घेऊन बसलेली असू शकतात. ती खेळतात, पळतात, पास-नापास होतात. त्यांना काहीही झालेले नसते. वाहक म्हणजे रोगी नव्हे, ही गोष्ट पहिल्याच तासाला फळ्यावर लिहावी इतकी महत्त्वाची आहे.

मग रोग कोणाला होतो? आपल्या प्रत्येकाकडे हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एकच प्रत बदललेली असेल तर व्यक्ती वाहक, म्हणजे एएस. दोन्ही बदललेल्या असतील तर ती एसएस, आणि तिला सिकलसेलचा आजार असतो. बदल तरी केवढा! साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच. इनग्रॅम यांनी १९५६ मध्ये तो शोधून काढला. पण त्यामुळे प्राणवायू कमी झाला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्यांसारखे होतात आणि गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. अशा पेशी लवकर फुटतात, म्हणून अंगात रक्त कमी. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात, म्हणून हाडे-सांधे असह्य दुखतात. प्लीहा निकामी होत जाते, त्यामुळे लहान मुलांना जंतुसंसर्ग चटकन होतो.

आता थोडे गणित करू. समाजात शेकडा २० लोक वाहक असतील, तर नवराबायको दोघेही वाहक असण्याची शक्यता ०.२ गुणिले ०.२, म्हणजे शेकडा ४. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता पाव. म्हणजे सुमारे शंभर जन्मांमागे एक. वर्गात हे दाखवायला ज्वारी आणि तूर पुरे. दोन वाट्या घ्याव्यात, प्रत्येकीत दोन्ही दाणे निम्मे निम्मे, आणि डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक दाणा उचलावा. दोन्ही तुरीचे आले तर एसएस. चार-चार वेळा उचलून प्रत्येक गटाने एकेक ‘कुटुंब’ तयार करावे. काही कुटुंबांत एकही रोगी नसेल, एखाद्यात चारांपैकी दोन-तीन निघतील. ‘पहिला मुलगा आजारी झाला, आता पुढचे तिघे चांगले’ हा समज आम्हाला जोडप्यांशी बोलताना वारंवार भेटतो. तो खोडायला कोणत्याही व्याख्यानापेक्षा ही दोन वाट्यांची युक्ती बरी. दर खेपेला वाट्या पुन्हा तशाच भरलेल्या असतात.

गर्भनिदानाच्या इतिहासात सिकलसेलला मोठे मानाचे पान आहे. गर्भजलातील पेशींच्या डीएनएवरून या रोगाचे निदान करता येते हे कान आणि डोझी यांनी १९७८ मध्ये दाखवले. पुढे डीएनएच्या एका तुकड्याच्या लाखो प्रती करणारी पीसीआर पद्धत आली. १९८५ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध झाली तीसुद्धा सिकलसेलच्या निदानासाठीच. आपल्याकडे हे काम रुजवण्यात मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील रोगप्रतिकार-रक्तशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेचा वाटा मोठा आहे. तिथल्या डॉ. रोशन कोलाह यांची जवळजवळ सारी कारकीर्द थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांच्या तपासणीत आणि गर्भनिदानात गेली. त्यांच्या पिढीने या शास्त्राची दोन रूपे पाहिली.

पहिले रूप गर्भाच्या रक्ताचे. अठराव्या आठवड्याच्या पुढे सोनोग्राफीत पाहत नाळेतून सुईने थोडे रक्त घ्यायचे आणि त्यातील हिमोग्लोबिन वेगळे करून पाहायचे. गर्भाच्या रक्तात मुख्यतः एफ हिमोग्लोबिन असते. त्याच्याबरोबर नुसते ए दिसले तर गर्भ निरोगी, ए आणि एस दोन्ही दिसले तर वाहक, नुसते एस दिसले तर रोगी. दुसरे रूप डीएनएचे. दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा कणभर तुकडा घेतात आणि त्यातील बीटा जनुकाचा भाग पीसीआरने वाढवतात. मग डीडीई-वन नावाचे विकर त्यावर सोडतात. हे विकर म्हणजे अक्षरे वाचून कापणारी कात्री. निरोगी जनुकात तिला हवी ती अक्षरे सापडतात आणि ती कापते. सिकलच्या जनुकात एक अक्षर बदललेले असल्यामुळे ती तिथे थांबते. जेलवर तुकड्यांच्या रेघा पाहिल्या की उत्तर समोर येते. फक्त आईच्या पेशी नमुन्यात मिसळल्या नाहीत ना, हे काटेकोरपणे तपासावे लागते. सुईमुळे गर्भपात होण्याचा धोकाही असतो. अनुभवी हातांत तो शेकडा एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे, पण तो आधी सांगायलाच हवा. केवळ आईच्या रक्तावरून हे निदान करता येईल का, यावरही काम चालू आहे. पण इथे आई स्वतःच वाहक असल्याने तिच्या रक्तात एसचे जनुक आधीच असते, आणि गर्भाचा त्यातला वाटा मोजणे फार नाजूक काम आहे.

प्रयोगशाळेत बसून हे सोपे वाटते. शहाद्याकडून पाहिले तर अडचण विकरांची नाही, आठवड्यांची आहे. दिवाळीनंतर या भागातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्या मुदतीत दिवस गेलेल्या बाईची पहिली तपासणी पाचव्या महिन्यात झाली तर नवल नाही. तिच्या रक्ताची विद्राव्यता चाचणी होते, नळीतले द्रावण गढूळ होते आणि मागची काळी रेघ दिसेनाशी होते. पण ही चाचणी एएस आणि एसएस यांत फरक करत नाही, म्हणून नमुना पुढच्या तपासणीला जातो. मग नवऱ्याचे रक्त हवे, आणि नवरा अजून तोडीवर. शहाद्याला रेल्वे नाही. नंदुरबार गाठून सुरत किंवा मुंबईची वाट धरायची. तोपर्यंत दहावा आठवडा केव्हाच मागे पडलेला असतो.

कायद्याची बाजूही शिक्षकांना माहीत असावी. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये सर्वांत आधी केला आणि केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला. त्यामुळे ‘गर्भाची तपासणी म्हणजे गुन्हा’ असा समज पसरला आहे. तो बरोबर नाही. हिमोग्लोबिनचे आनुवंशिक दोष हे ज्या कारणांसाठी गर्भनिदान करता येते त्यांत स्पष्टपणे नमूद आहेत. मात्र केंद्र नोंदणीकृत हवे, बाईला समजेल त्या भाषेत माहिती देऊन तिची लेखी संमती घ्यायला हवी, आणि गर्भाचे लिंग कोणालाही सांगता येत नाही. पावरी बोलणाऱ्या बाईला मराठीतला छापील कागद वाचून दाखवला तर ही अट पुरी झाली, असे आम्ही मानत नाही.

आणि आता सर्वांत अवघड भाग. समजा सगळे वेळेवर झाले आणि गर्भ एसएस निघाला. आम्ही काय सांगायचे? थॅलेसेमिया मेजरच्या बाबतीत उत्तर बरेचसे ठरलेले असते, मुलाला आयुष्यभर वारंवार रक्त द्यावे लागेल. सिकलसेलचे तसे नाही. भारतात आढळणाऱ्या या जनुकाबरोबर एफ हिमोग्लोबिन बऱ्याचदा जास्त राहते आणि ते एसच्या दोऱ्या होऊ देत नाही. आदिवासी समाजांत आल्फा थॅलेसेमियाही पुष्कळ आहे, त्याने काही त्रास हलका होतो. म्हणून एकच जनुकप्रकार असलेला एक मुलगा शाळेत रमतो आणि दुसरा महिन्याआड दवाखान्यात असतो. एके काळी ‘आपल्याकडचा सिकलसेल सौम्यच’ असे म्हटले जाई. गुजरातेत आणि नागपुरात नवजात बाळांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला तेव्हा तेही सरसकट खरे नाही असे दिसले. समुपदेशनातील ही कोंडी डॉ. कोलाह आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये शोधनिबंधाचाच विषय केली होती. डीएनए जनुक सांगतो, दुखणे किती असेल ते सांगत नाही.

त्यात औषधोपचारही बदलले आहेत. हायड्रॉक्सियुरिया एफ हिमोग्लोबिन वाढवते आणि दुखण्याचे झटके कमी करते. लहानपणी पेनिसिलिन आणि लसी वेळेवर मिळाल्या तर जीव वाचतात. जोडप्याला निर्णय घ्यायचा तो हे सर्व समजून, आणि तो त्यांचाच असतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर गर्भदोषासाठी चोवीस आठवड्यांपुढेही वैद्यकीय मंडळाकडे जाता येते, पण दोष त्या गंभीरतेचा आहे की नाही हे मंडळ ठरवते. काही जोडपी गर्भ ठेवतात. त्यांची तपासणी वाया गेली असे नाही. बाळाचे उपचार पहिल्या महिन्यांपासून सुरू होतात, हा मोठा फायदा आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणी हवीच. ‘निर्मूलन’ या शब्दाबद्दल मात्र आम्हाला थोडी शंका आहे. पाचांतल्या एकाकडे असलेले, हिवतापापासून काहीसे संरक्षण दिल्यामुळे टिकून राहिलेले जनुक पंचवीस वर्षांत नाहीसे होत नाही. टाळलेल्या जन्मांची बेरीज हेच यश मानले, तर त्याचा सारा भार गरोदर बाईवर पडेल.

आश्रमशाळेत तपासणीचे पथक येते तेव्हा निकाल वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नयेत. ‘हिला सिकल आहे’ एवढे गावभर झाले की मुलीचे लग्न अडते आणि मुलाचे अडत नाही, हे आपण सारे जाणतो. कार्ड त्या मुलाच्या किंवा मुलीच्या आणि पालकांच्या हाती द्यावे. ते वाहकाचे आहे की रोग्याचे, हे वेगळे बसवून समजावावे. लग्नानंतर, दिवस जाण्याच्या आधीच, दोघांनी आपापली कार्डे घेऊन सरकारी दवाखान्यात जावे, हेही त्याच वेळी सांगावे. दोघेही वाहक निघाले, तर पाळी चुकल्याबरोबर नाव नोंदवायचे आणि दहाव्या आठवड्याआधी चिठ्ठी घेऊन निघायचे, तोडीचा हंगाम असला तरी.