बाइटकोड वाचताना (भाग ९) : बेरीज झाली, पण ठेवायची कुठे?

आज एक्सेप्शन टेबलबद्दल लिहायचे ठरले होते. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. गेल्या भागावर आलेल्या पत्रांतल्या एका प्रश्नाने माझा सगळा आठवडा खाल्ला, आणि तो प्रश्न आहेच तसा. त्याला अख्खा भाग दिल्याशिवाय माझे समाधान होणार नाही.

त्याआधी एक छोटी शंका निकालात काढू. ती बऱ्याच जणांनी विचारली आहे. गेल्या वेळी आपण ‘अ’ आणि ‘ब’ यांची बेरीज परत करणारे फंक्शन डिसअसेंबल केले होते. त्यात डावीकडचे आकडे ०, २, ४, ६ असे दोन-दोनने वाढत होते आणि मग एकदम १० आला. ८ कुठे गेला?

८ तिथेच आहे, डिस (पायथनचे डिसअसेंबल करणारे मॉड्यूल) तो दाखवत नाही इतकेच. फंक्शनच्या कोड ऑब्जेक्टमधले कच्चे बाइट छापून पाहा. पायथन ३.१२ वर ते असे दिसतात :

१५१, ०, १२४, ०, १२४, १, १२२, ०, ०, ०, ८३, ०

जोड्या पाडा. १५१ म्हणजे रिझ्यूम. १२४ म्हणजे लोड_फास्ट, पुढचा ० म्हणजे पहिले लोकल व्हेरिएबल. पुन्हा १२४, या वेळी १, म्हणजे दुसरे. १२२ म्हणजे बायनरी_ऑप, आणि त्यापुढचा ० सांगतो की क्रिया ‘+’ आहे. शेवटचे ८३ हे रिटर्न_व्हॅल्यू. मध्ये उरलेली ०, ० ही जोडी म्हणजे तुमचा हरवलेला ८. ती सूचना नाही, बायनरी_ऑपने स्वतःसाठी राखलेली कॅशची जागा आहे. मार्क शॅनन यांच्या पेप ६५९ या प्रस्तावाप्रमाणे ३.११ पासून इंटरप्रिटर चालता चालता अनुभव गोळा करतो. या ठिकाणी सारखे पूर्णांकच येत आहेत असे दिसले, की तो मूळ सूचनेच्या जागी बायनरी_ऑप_ॲड_इंट ही खास सूचना बसवतो. त्यासाठीची मोजणी या राखीव जागेत चालते. डिसला ‘शो_कॅशेस’ हा पर्याय दिलात की ती जागा यादीत दिसू लागेल. तुमच्याकडे ३.१३ असेल तर मात्र वरचे आकडे जुळणार नाहीत, कारण त्या आवृत्तीत ऑपकोडचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून आजचे सगळे ३.१२ वर.

आता ते पत्र. एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीने लिहिले आहे : “टपल बदलता येत नाही असे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. पण पुढच्या दोन ओळी चालवल्या तर एरर येतो आणि यादीही बदललेली असते. एरर आला म्हणजे काम झाले नाही ना? मग हे दोन्ही एकदम कसे?”

जोडी = ([१, २], ५)
जोडी[०] += [७]

(पायथन ३ ला देवनागरी नावे चालतात, तेव्हा ‘जोडी’ हे नाव तसेच टाइप केले तरी हरकत नाही. अंक मात्र इंग्रजी वापरा. देवनागरी अंक थेट कोडमध्ये लिहिले तर सिंटॅक्स एरर येतो, गंमत म्हणजे तेच अंक इंट() ला मजकूर म्हणून दिले तर तो ते बिनतक्रार वाचतो.)

चालवून पाहा. दुसऱ्या ओळीवर टाइपएरर येतो : टपलमध्ये आयटेम असाइन करता येत नाही. मग ‘जोडी’ छापा. समोर येते ([१, २, ७], ५). सात आत जाऊन बसला आहे.

हे कोडे पायथनवाल्यांत जुने आहे आणि त्याचे उत्तर बहुतेक जण एका वाक्यात देऊन मोकळे होतात. माझा आग्रह आहे की ते वाक्य पाठ करू नये. आपल्याकडे डिस आहे, तर उत्तर घडताना पाहू. दुसरी ओळ एका फंक्शनमध्ये टाका, ‘जोडी’ त्याला पॅरामीटर म्हणून द्या आणि डिसअसेंबल करा. सुरुवातीचे रिझ्यूम सोडून पुढे देतो. प्रत्येक सूचनेसमोर, ती पार पडल्यावर स्टॅकवर काय उरते तेही लिहिले आहे. नेहमीप्रमाणे उजवे टोक म्हणजे स्टॅकचा माथा.

लोड_फास्ट ० (जोडी) → जोडी
लोड_कॉन्स्ट १ (०) → जोडी, ०
कॉपी २ → जोडी, ०, जोडी
कॉपी २ → जोडी, ०, जोडी, ०
बायनरी_सब्स्क्र → जोडी, ०, यादी
लोड_कॉन्स्ट २ (७) → जोडी, ०, यादी, ७
बिल्ड_लिस्ट १ → जोडी, ०, यादी, [७]
बायनरी_ऑप १३ (+=) → जोडी, ०, यादी
स्वॅप ३ → यादी, ०, जोडी
स्वॅप २ → यादी, जोडी, ०
स्टोअर_सब्स्क्र → रिकामा
रिटर्न_कॉन्स्ट ० (नन)

आधी त्या दोन ‘कॉपी २’ पाहा, कारण पहिल्यांदा वाचताना तिथेच अडखळायला होते. ‘कॉपी २’ म्हणजे माथ्यापासून दुसऱ्या वस्तूची प्रत माथ्यावर ठेवणे. स्टॅकवर ‘जोडी, ०’ असताना दुसरी वस्तू आहे ‘जोडी’, म्हणून ती वर येते. आता माथ्यापासून दुसरा झाला ‘०’, म्हणून दुसऱ्या ‘कॉपी २’ ने तो वर येतो. एकच सूचना दोनदा देऊन खालची अख्खी जोडगोळी वर उमटली! ३.१० पर्यंत यासाठी डप_टॉप_टू नावाची स्वतंत्र सूचना होती. ती काढून टाकली आणि ‘कॉपी’ ने तेच काम दोन पावलांत भागवले.

पण प्रत हवीच कशाला? कारण ‘जोडी’ आणि ‘०’ यांची गरज दोनदा लागणार आहे. एकदा आतली वस्तू बाहेर काढताना आणि एकदा उत्तर परत ठेवताना. वरची प्रत बायनरी_सब्स्क्र खाऊन टाकतो, खालची मूळ जोडी शेवटच्या स्टोअर_सब्स्क्रसाठी थांबून राहते. म्हणजे पुढे परत ठेवायचे आहे हे तिसऱ्या सूचनेलाच ठरून गेले आहे. बेरीज व्हायला अजून पाच सूचना बाकी आहेत.

आता बायनरी_ऑप १३. मघाशी साध्या ‘+’ चा क्रमांक ० होता, ‘+=’ चा १३ आहे. ही सूचना डावीकडच्या वस्तूला आधी विचारते, की तुझ्याकडे __आयॲड__ आहे का? यादीकडे तो असतो. तो जागच्या जागी सात जोडतो आणि स्वतःलाच, म्हणजे त्याच यादीला, उत्तर म्हणून परत करतो. या क्षणी यादी [१, २, ७] झाली. काम झाले आहे आणि एररचा अजून पत्ता नाही.

मग दोन स्वॅप येतात, ते फक्त क्रम लावतात. स्टोअर_सब्स्क्रला माथ्यावर इंडेक्स लागतो, त्याखाली ज्यात ठेवायचे ते आणि त्याखाली जे ठेवायचे ते. क्रम लागला की तो टपलला म्हणतो, शून्याव्या जागी ही यादी ठेव. टपलच्या टाइपमध्ये ‘आयटेम ठेवणे’ या क्रियेचा सी-फंक्शनचा रकानाच रिकामा आहे. काय ठेवायचे आहे हे बघायची वेळच येत नाही, टाइपएरर तिथेच उठतो.

इथे क्षणभर थांबा. जी यादी ठेवायची आहे ती त्या जागी आधीपासून आहेच. ठेवणे यशस्वी झाले असते तरी टपलमध्ये काडीचाही फरक पडला नसता! आणि तरीही एरर येतो, कारण स्टोअर_सब्स्क्र नवे-जुने ताडून पाहत नाही. तसे करणे त्याच्या कामात नाही.

म्हणून पत्रलेखिकेला उत्तर असे. तुम्हाला शिकवले ते खरेच आहे, टपल बदललेला नाही. त्याच्या शून्याव्या जागी जी यादी होती तीच आहे. बदलली ती यादी, आणि तिला बदलायची मुभा होतीच. तुमचे गृहीतक कोसळते ते दुसऱ्याच ठिकाणी : “एरर आला म्हणजे काम झाले नाही” हे. आठव्या सूचनेने केलेले काम अकराव्या सूचनेला आलेल्या एररमुळे मागे फिरत नाही. बाइटकोडमध्ये झालेली सूचना झाली. ओळ हा आपला, लिहिणाऱ्यांचा हिशेब आहे. यंत्र सूचनांच्या हिशेबाने चालते, आणि अख्खी ओळ एकदम पार पडेल किंवा अजिबात पडणार नाही अशी हमी ते देत नाही.

आता माझ्या आवडीचा प्रश्न. यादीने स्वतःत बदल करून घेतला असेल, तर ते परत ठेवणे कंपायलर गाळत का नाही? उत्तर सोपे आहे आणि पायथनच्या स्वभावाच्या मुळाशी जाते. कंपायलर ही ओळ वाचतो तेव्हा ‘जोडी’ काय आहे हे त्याला ठाऊक नसते. ती साधी लिस्ट असू शकते आणि तिच्या शून्याव्या जागी पूर्णांक असू शकतो. पूर्णांकाला __आयॲड__ नाही. तिथे बायनरी_ऑप १३ निमूटपणे साध्या बेरजेवर येतो आणि एक नवी वस्तू हाती देतो. ती परत ठेवली नाही तर उत्तर हवेतच विरले! जागच्या जागी बदल झाला की नवी वस्तू आली, हे कळते बायनरी_ऑप चालताना, आणि तोवर पुढच्या सूचना लिहून झालेल्या असतात. म्हणून कंपायलर एकच पक्का नियम पाळतो : काढा, क्रिया करा, जे हाती येईल ते परत ठेवा.

हा नियम टॉमस वाउटर्स यांच्या पेप २०३ मधला आहे. ऑक्टोबर २००० मध्ये आलेल्या पायथन २.० पासून तो भाषेत आहे. त्या प्रस्तावाचा एक आग्रह मला फार पटतो : डावी बाजू एकदाच मोजायची. इंडेक्सच्या जागी एखादे फंक्शन बोलावले असेल, तर ते एकदाच बोलावले गेले पाहिजे. त्या दोन कॉपी याच आग्रहातून आल्या आहेत.

फरक पाहायचा असेल तर तीच ओळ लांबण लावून लिहा : जोडी[०] = जोडी[०] + [७]. डिसअसेंबल केल्यावर कॉपी आणि स्वॅप दोन्ही गायब झालेले दिसतील. ‘जोडी’ दोनदा लोड होते आणि बायनरी_ऑपचा क्रमांक ० असतो. चालवली तर एरर इथेही येतो, शब्दनशब्द तोच. पण नंतर ‘जोडी’ छापली तर ([१, २], ५) जशीच्या तशी! साध्या ‘+’ ने नवी यादी बनवली होती, ती ठेवता आली नाही आणि टाकली गेली. “+= म्हणजे लांबणीचे आखूड रूप” हे वाक्य अनेक नोटसमध्ये सापडते. या दोन डिसअसेंब्ली शेजारी ठेवा, ते वाक्य अर्धेच खरे का आहे ते दिसेल.

याच ‘परत ठेवण्या’तून आणखी एक नेहमीची डोकेदुखी निघते. फाइलमध्ये वर ‘एकूण = ०’ आहे आणि फंक्शनमध्ये ‘एकूण += १’. चालवले की अनबाउंड लोकल एरर. ‘एकूण’ डोळ्यांसमोर असूनही पायथनला तो सापडत नाही, असे वाटते. कारण तेच. ‘+=’ म्हणजे शेवटी स्टोअर आलाच, आणि ग्लोबल वा नॉनलोकल असे सांगितलेले नसेल तर ज्या नावात फंक्शन काही ठेवते ते नाव कंपायलर लोकल मानतो. मग वाचण्यासाठीही लोड_ग्लोबलऐवजी लोड_फास्ट_चेक ही सूचना निघते. ती लोकल जागा पाहते, ती रिकामी असते आणि एरर उठतो. वर किती ओळी आधी ‘एकूण’ लिहिले आहे याचा इथे काही संबंध नाही. यंत्राने ग्लोबलकडे पाहिलेच नाही.

रोजच्या कामासाठी यातून एवढेच घ्या. टपलमधल्या यादीत भर घालायची असेल तर एक्स्टेंड किंवा अपेंड वापरा. त्यांच्या डिसअसेंब्लीत स्टोअर_सब्स्क्र नसतोच, फक्त कॉल असतो आणि परत आलेला नन पॉप_टॉपने टाकून दिला जातो. आणि ‘+=’ दिसला की त्याच्यामागचा स्टोअर कुठे जातो आहे ते शोधायची सवय लावा.

ही नावे मात्र कोरून ठेवू नका. बाइटकोड ही सीपायथनची, म्हणजे आपण वापरतो त्या इंटरप्रिटरची, अंतर्गत बाब आहे आणि आवृत्त्यांमधल्या बदलांबद्दल कसलेही वचन नाही, असे डिसच्या दस्तऐवजातच लिहिले आहे. आज आपण वाचलेला बायनरी_सब्स्क्र ३.१४ मध्ये उरलेला नाही, त्याचे काम बायनरी_ऑपच्याच एका क्रमांकाकडे गेले आहे. काढणे, क्रिया करणे, परत ठेवणे ही तीन पावले मात्र २.० पासून आजवर तशीच आहेत.

पुढच्या वेळेसाठी दोन ओळी देतो. चालवण्याआधी सूचना मनातल्या मनात लिहा, काय होईल ते ठरवा आणि मगच डिसला विचारा. पहिली : जोडी[०] += []. इथे यादीत काहीच जोडले जात नाही, मग एरर येईल का? दुसरी : आधी यादी = जोडी[०], आणि मग यादी += [७]. शेवटी येणारा स्टोअर कोणता असेल?

आणि स्टोअर_सब्स्क्रने टाइपएरर उठवल्यावर इंटरप्रिटर नेमका कुठे पाहतो, पुढे कुठे जायचे हे त्याला कोण सांगते? ३.११ च्या आधी त्यासाठी सेटअप_फायनली ही सूचना प्रत्येक ‘ट्राय’च्या तोंडाशी चालायची. आता ती चालत नाही आणि तरी सगळे बरोबर घडते. तेच एक्सेप्शन टेबल, पुढच्या आठवड्यात.