सुया मॅडमच्या, कुत्रं मामांचं

सकाळी ७.३०
कोथरूडमधल्या या दवाखान्याचं शटर मामा उघडतात. वारज्याहून सायकलवर येतात. मॅडम जनावरांच्या डॉक्टर. गोळ्या-औषधं, ऑपरेशननंतरचे व्यायाम आणि ॲक्युपंक्चर, सगळं इथंच. मामा मदतनीस. पगार १६,०००. आधी फरशी पुसायची. फिनेल वापरत नाहीत, मांजरांना बाधतं. मग काचेच्या टाकीची जाळी. कालच्या केसांचा ओला गोळा मामा हातानं ओढून काढतात, पुन्हा बोट घालून बघतात. जाळी तुंबली की पंप बसलाच. टाकीच्या तळाला फिरता पट्टा आहे. पाणी ३० अंशांवर आलं की हीटर बंद.

सकाळी ९.००
डॅशहाउंड, पाच वर्षांचा. लांब पाठ, आखूड पाय. सोफ्यावरून उडी मारली आणि मणक्यातली चकती सरकली. ऑपरेशनला तीन आठवडे झालेत. मॅडम चिमट्यानं मागच्या पायाचं बोट दाबतात. पाय आखडतो. पण मॅडम बघतायत तोंडाकडे. नुसता पाय मेंदूला न विचारताही आखडतो. कुत्र्यानं मान वळवली, तरच कळ वर पोचली म्हणायची. त्यानं मान वळवली. वर दातही दाखवले.

“शाब्बास रे!” मामा खूश.

लघवी अजून आपली आपण होत नाही. मामा दोन्ही तळव्यांत पोट धरतात, चाचपतात. लिंबाएवढं मूत्राशय हाताला लागतं. हळूहळू मागं दाबत नेतात. ट्रेमध्ये धार पडते. मग मालकीणबाईंची पाळी. त्यांचा हात कापतो.

“बोटं नाही ताई, तळवा. घाई नको. दिवसातनं तीनदा काढायचीच.”

सकाळी १०.३०
लॅब्रेडोर, अकरा वर्षांचा. काट्यावर ४१ किलो. नऊ किलो जास्त. खुबे झिजलेत. मामा खाली बसून त्याचं डोकं मांडीवर घेतात. मॅडम कंबरेशी बारा सुया टोचतात. सुया बारीक, एकदाच वापरायच्या. वीस मिनिटं कुत्र्यानं हलायचं नाही, म्हणजे मामांनीही नाही. दहाव्या मिनिटाला कुत्रं घोरायला लागतं. मामांच्या पायाला मुंग्या.

“सुयांनी बरा होईल ना?” त्याला घेऊन आलेले काका विचारतात.

“दुखणं कमी होईल. झीज भरून येणार नाही. गोळी चालू ठेवायची, पण आधी किडनी-लिव्हरचं रक्त तपासून. मार्बलवर रबरी चटया टाका, पाय घसरतात त्याचे. आणि पोळी कोण देतंय याला?”

काका गप्प.

“आजी देतात,” मामा खालून सांगून टाकतात.

काढताना सुया मोजायच्या. अकराच भरतात. बारावी शेपटीच्या मुळाशी, केसांत. सगळ्या पांढऱ्या डब्यात.

दुपारी १२.००
तोच लॅब्रेडोर आता टाकीत. पाणी खुब्यापर्यंत. एवढ्या पाण्यात पायांवर वजनाच्या ३८ टक्केच भार येतो. म्हणजे ४१ किलोचं कुत्रं साडेपंधरा किलोचं होऊन चालतं. मामांना ती सवलत नाही. ते त्याच्या मागं, पट्ट्याच्या दोन्ही कडांवर गुडघे टेकून. डावा पंजा आत वळला की हातानं सरळ करायचा. पाच मिनिटं चाल, दोन मिनिटं दम, परत पाच. सुया आणि पाणी मिळून १,८०० रुपये. काका मोबाइलवरून देतात.

दुपारी २.००
डबा. भाकरी आणि शेपूची भाजी. मामा गुडघा चोळतात.

“मॅडम, दोन सुया मलाही टोचा की.”

“माझं लायसन्स जनावरांचं, मामा.”

“मग दिवसभर मी वेगळं काय करतो?”

दुपारी ४.१५
मांजर. लाळ गळतेय, मागचे पाय लटपटतायत. पिसवांवर उपाय म्हणून घरच्यांनी टी ट्री तेल चोळलंय. “नैसर्गिक आहे, म्हणून लावलं.” मांजराच्या लिव्हरला असली तेलं पचवता येत नाहीत. मॅडम सलाइनच्या तयारीला लागतात. मामा भांडी घासायचं लिक्विड घेतात. कोमट पाणी, फेस, पुन्हा पाणी. वास जाईपर्यंत. मांजर मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडतं. मामा मान सोडत नाहीत. टॉवेलात गुंडाळून त्याला रात्रभर देखरेख असलेल्या दवाखान्यात रवाना केलं जातं.

मग मामा स्वतःचा हात साबण लावून नळाखाली धरतात. पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. रेबीजची लस त्यांनी आधीच घेतलेली आहे. तरी मॅडम ऐकत नाहीत. आज एक डोस, तीन दिवसांनी दुसरा.

संध्याकाळी ६.४५
सोसायटीचे वॉचमन एक भटकी कुत्री घेऊन येतात. डिस्टेंपरमधून वाचली, पण पाय उडायचे थांबले नाहीत. तीन रिक्षावाले नाही म्हणाले, चौथ्यानं पन्नास जास्त घेतले. मॅडम फी घेत नाहीत. सुया टोचून झाल्यावर मामा तिचे पाय सायकलसारखे फिरवून दाखवतात. वॉचमन बघतात, मग स्वतः करतात.

रात्री ८.१५
टाकी रिकामी. काच पुसून झाली. मॅडम हाडांच्या डॉक्टरांचं नाव चिठ्ठीवर लिहून देतात. तपासणीचे ८००, एक्स-रे वेगळा. मामा चिठ्ठीची घडी घालून डब्याच्या पिशवीत टाकतात.

“पुढच्या पगाराला बघू. उद्या पहिला जर्मन शेफर्ड आहे ना? मग सातलाच येतो. मोठ्या कुत्र्याला पाणी जास्त लागतं, तापायला वेळ जातो.”