त्रिखंडी प्राणी आणि भिंगारचा काळा कातळ

भिंगारच्या ओढ्याकाठी सापडलेला दगड घेऊन एखादा विद्यार्थी येतो व पुस्तकातील ट्रायलोबाइटचे चित्र दाखवून विचारतो, "गुरुजी, असा प्राणी आपल्याकडे सापडेल काय?" उत्तर 'नाही' असेच आहे, परंतु ते कारणासह दिल्यास त्यातूनच एक उत्तम पाठ तयार होतो.

आपल्या परिसरातील बेसाल्टचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर थिजून बनला. ट्रायलोबाइट हे सांधेयुक्त पायांचे सागरवासी प्राणी. ते सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी अवतरले आणि सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाले. त्यांचे अवशेष सागरतळाच्या गाळापासून बनलेल्या खडकांत मिळतात. कातळाच्या पोकळीतील पांढरे स्फटिक अगर दगडावरील पानासारखी काळी नक्षी ही खनिजांची निर्मिती होय. ते जीवाश्म नव्हेत.

ट्रायलोबाइट म्हणजे त्रिखंडी. डोके, धड व शेपूट यांवरून हे नाव पडले, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. मधला उंचवटा व त्याच्या दोन्ही बाजू असे पाठीचे उभे तीन भाग त्यात अभिप्रेत आहेत.

यांच्या वर्गीकरणात डोक्यावरील कवचास महत्त्व आहे. रेडलिकिया व ओलेनेलस हे दोन आद्य प्रकार पाहा. दोहोंचे डोळे मोठे व चंद्रकोरीसारखे, धडाची वलये पुष्कळ आणि शेपूट लहान. मात्र रेडलिकियाच्या शिरःकवचावर सांधरेषा असत व कात टाकताना कवच तेथे उकले. ओलेनेलसला अशा रेषा नव्हत्या.

हाच भेद नकाशावरही दिसतो. रेडलिकिया हिमाचल प्रदेशातील स्पिती खोरे, पाकिस्तानातील मिठाची डोंगररांग, चीन व ऑस्ट्रेलिया येथे आढळतो. ओलेनेलस उत्तर अमेरिका, ग्रीनलंड व वायव्य स्कॉटलंड येथे. कूपर रीड यांनी स्पितीतील जीवाश्मांचे वर्णन १९१० साली प्रसिद्ध केले. उथळ पाण्यातील या प्राण्यांस खोल महासागर ओलांडणे कठीण होते. यास्तव स्कॉटलंड व अमेरिका यांचे ते किनारे त्या काळी एकाच भूखंडाचे होते, असे अनुमान निघते. आज त्यांच्यामध्ये अटलांटिक महासागर आहे.

शिक्षकबंधुभगिनींनी जगाच्या नकाशावर ही स्थळे दोन रंगांनी विद्यार्थ्यांकडून रंगवून घ्यावीत. विद्यार्थ्याने आणलेला दगड मात्र फेकून देऊ नये. त्यात प्राणी नसला, तरी तो का नाही हे सांगणारा पुरावा तोच आहे.