सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही!

मैत्रिणींनो, मिक्सर फिरेनासा झाला तर आपण काय करतो? आधी वीज आहे का ते बघतो, दुसऱ्या प्लगमध्ये लावून बघतो, खालचं लाल बटण दाबून बघतो. एकदम मोटार बदलायला कुणी पाठवत नाही. मग दारातली जुनी गाडी रुसली की मात्र 'ते पुरुषांचं काम' म्हणून आपण बाजूला का उभ्या राहतो बरं?

आमच्या भातकुलीसारख्या तालुक्याच्या गावी जुनी मारुती किंवा ओम्नी पुष्कळ घरी दिसते. सासूबाईंना अमरावतीला डॉक्टरांकडे न्यायचं, मुलीला परीक्षेला सोडायचं, तर भरवसा तिचाच. नेमक्या त्याच दिवशी घरातले पुरुष बाहेरगावी असतात, आणि गाडी नुसती घरघर करते. मिस्त्री येतो, दोनदा सेल्फ मारतो आणि सांगून टाकतो, "वहिनी, पंप गेला तुमच्या गाडीचा!" आता बिल हजारांत. कधी पंप खरोखरच गेलेला असतो. पण कधी गेलेला असतो दहा-वीस रुपयांचा फ्यूज! यातलं काय झालंय, हे नवा भाग विकत घेण्याआधी कळलं पाहिजे. त्यासाठी क्रमाने तपासणी हवी, आणि ती समजायला इंजिनिअर असावं लागत नाही.

आधी थोडं समजून घेऊ

मारुती ८०० ची पहिली चाबी १४ डिसेंबर १९८३ रोजी दिली गेली. त्या गाडीत कार्ब्युरेटर होता. थंडीत चोक ओढायचा, गाडी सुरू करायची. धुराचे नियम कडक झाले तशी २००० च्या सुमारास तिच्यात इंजेक्शनची पद्धत आली. जगात ही विजेवर चालणारी पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ सालीच फोक्सवॅगनच्या गाडीत बसवली होती. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, पण गाड्या अजून रस्त्यावर आहेत.

इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलच्या टाकीतच एक विजेचा पंप असतो. तो पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो. फिल्टरमधून गाळून ते इंजेक्टरपर्यंत येतं. इंजेक्टर म्हणजे हळदीकुंकवातली गुलाबदाणीच समजा, फक्त तुषार त्याहून कितीतरी बारीक. ती कधी आणि किती वेळ उघडायची हे एक छोटा संगणक ठरवतो. इंजिन फिरतंय ही वर्दी त्याला सेन्सर देतो. म्हणजे पंप, दाब, इंजेक्टर, ठिणगी आणि सेन्सर, यातलं एक जरी गैरहजर असलं तरी गाडी सुरू होत नाही. गैरहजर कोण, एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

पायरी पहिली : सेल्फ कसा फिरतो?

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हातब्रेक ओढा. चाबी फिरवल्यावर नुसती 'टक टक' झाली किंवा काहीच आवाज आला नाही, तर दोष बहुधा बॅटरीकडचा किंवा सेल्फचा. इंजेक्शनच्या वाटेला जाऊच नका. सेल्फ रडतखडत फिरत असेल तरीही आधी बॅटरी बघा, कारण वीज कमी पडली की संगणकही नीट काम करत नाही. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर ती साफ करून घ्या. सेल्फ जोरात फिरतो आणि तरी गाडी पकडत नाही, तेव्हाच पुढच्या पायरीवर या.

पायरी दुसरी : दिवा बघा

चाबी 'ऑन' करा, सेल्फ मारू नका. समोरच्या काट्यांजवळ इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला पाहिजे. लागला तर संगणकाला वीज पोचते आहे. लागलाच नाही, तर संगणकाचा फ्यूज किंवा वायर आधी तपासायला सांगा. ज्या गाडीच्या चाबीत चिप असते तिथे चाबीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला, तर गाडीला चाबी ओळखू येत नाही असं समजा. कपाटातली दुसरी चाबी लावून बघा.

पायरी तिसरी : कान लावा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. दुसऱ्या कुणाला चाबी 'ऑन' करायला सांगा आणि आपण मागच्या सीटजवळ कान द्या. दोन-तीन सेकंद बारीक 'घूं' असा आवाज येऊन थांबला पाहिजे. तो टाकीतल्या पंपाचा.

आवाज आला नाही म्हणजे पंप गेलाच, असं मात्र नाही बरं का! पंपाचा फ्यूज उडालेला असेल, रिले बिघडला असेल किंवा वायर तुटली असेल. आपल्याकडे घरात तूर, सोयाबीन, कापूस येतो. त्यामागे उंदीर येतात, आणि उभ्या गाडीची वायर कुरतडायला त्यांना एक रात्र पुरते. म्हणून मिस्त्रीला एकच प्रश्न विचारा : "भाऊ, पंपापर्यंत करंट येतो का, ते पाहिलं का?" चाबी 'ऑन' केल्यावर पंपाच्या वायरवर १२ व्होल्ट येत असतील, जोडणी पक्की असेल आणि तरी पंप फिरत नसेल, तर पंप गेला. वीजच येत नसेल, तर नवा पंपही फिरणार नाही!

पायरी चौथी : आवाज येतो, तरी गाडी रुसलेली

पंप गुणगुणतो म्हणजे पुरेसा दाब देतोच असं नाही. आपल्या कुकरची शिटी साधारण एक किलो दाबाला उडते. अशा गाड्यांत पेट्रोलचा दाब बहुधा त्याच्या अडीच-तीन पट लागतो. तो गेज लावून मोजता येतो. दाब कमी भरला तर फिल्टर तुंबलाय का, नळी गळते का, दाब राखणारा रेग्युलेटर ठीक आहे का, हे बघून मग पंपावर या.

दाब बरोबर असेल तर ठिणगी पडते का आणि इंजेक्टरला इशारा जातो का, हे मिस्त्रीने तपासायचं. ठिणगी आहे पण पेट्रोल नाही, तर दोष पेट्रोलच्या बाजूचा. ठिणगी आणि इंजेक्टरचा इशारा दोन्ही एकदम गायब असतील तर संशय सेन्सरवर. गाडी तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने निवली की आपोआप सुरू होते, हीही त्याचीच एक खूण. ही गोष्ट मिस्त्रीला आवर्जून सांगा, कारण तो येतो तेव्हा गाडी निवलेली असते.

हे करू नका

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका. मध्ये थोडी विश्रांती द्या. पेट्रोलचा उग्र वास आला तर इंजिनात पेट्रोल जास्त झालेलं असू शकतं. वास ओसरू द्या. बाहेर कुठे गळत नाही याची खात्री करून मग अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून एकदाच सेल्फ मारा. पुष्कळ गाड्यांत त्यामुळे पेट्रोल कमी होतं. जमिनीवर थेंब दिसले तर मात्र चाबीला हात लावू नका. पेट्रोलची नळी आपण सोडवू नका. आत दाब असतो. आणि जवळ विडी-सिगारेट नको, मग मिस्त्री कितीही जुना असो!

पंपाचं आयुष्य वाढवा

टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. नेहमी काटा रिझर्व्हवर ठेवून गाडी चालवली, तर वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात तो बिचारा तापतो. निदान पाव टाकी पेट्रोल ठेवावं. आता देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्यांना सोसतंच असं नाही. म्हणून गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये आणि नळ्यांना चिरा पडल्या आहेत का ते वर्षातून एकदा बघून घ्यावं. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीच्या खाऱ्या पाण्याने इंजिन धुतलं तर वायरींच्या जोडांना गंज धरतो. तिथे ओलं फडकंही पुरे.

शेवटी बिलाविषयी. काम सुरू करण्याआधी "कशावरून पंप गेला?" हे विचारा, आणि बदललेला जुना भाग मागून घ्या. सेल्फ, दिवा, आवाज, करंट, दाब, ठिणगी हे सहा शब्द एका कागदावर लिहून गाडीच्या खणात ठेवा. चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट काय तपासून झालंय हे कळलं की त्याचा वेळ वाचतो, आणि आपले पैसे!